आईच्या आवाजातली भुलाबाईची गाणी जिथे ठेवली होती, ती साइटच बंद झाली

पाऊलवाट | सोमवार, रात्री 10:40

भाद्रपद पौर्णिमेला घरी भुलाबाई बसवली. ज्वारीचे पाच धांडे आणून मखर केलं, भुलाबाई-भुलोजी मांडले. लेक सातवीत आहे, तिच्या सहा-सात मैत्रिणी टिपऱ्या घेऊन आल्या. गाणी मात्र एकीलाही येत नाहीत. मी म्हटलं, आजीच्या आवाजातली लावते, तुम्ही मागून म्हणा. लिंक फोनमध्ये जपून ठेवलेली होती. दाबली, तर पानच सापडत नाही.

आई काटोलकडची. 2013 साली भावानं तिच्यासमोर फोन धरून 31 गाणी रेकॉर्ड केली आणि आवाज ठेवायच्या एका छोट्या साइटवर चढवली. फुकट होती, नातेवाइकांना लिंक पाठवायला सोपी. आम्ही निर्धास्त झालो. फोन पुढे एक्स्चेंजमध्ये गेला, भावाचा लॅपटॉप बिघडला, कोणाला काही वाटलं नाही, कारण "नेटवर आहे ना". आई 2021 मध्ये गेली.

आता कळलं की साइट बंद करताना त्यांनी 60 दिवसांची मुदत दिली होती. तो मेल आईच्या नावानं उघडलेल्या खात्यावर गेला असणार, आणि ते खातं आई गेल्यापासून कोणी उघडलेलंच नाही.

गाणी पुस्तकातही मिळतील, ते मला माहीत आहे. पण खिरापतीच्या गाण्याआधी आई डबा हलवायची आणि म्हणायची, "ओळखा पाहू". शेंगदाण्याचे लाडू असले की डबा जड वाजायचा, फुटाणे असले की खुळखुळ. तो डब्याचा आवाज त्यात होता.

काही करता येईल का? आणि तुमच्यापैकी कोणाचं असं गेलं आहे का?

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, रात्री 11:05

ताई, वाचून पोटात खड्डा पडला. मला तांत्रिक काही समजत नाही, पण धागा वर ठेवतो. कोणीतरी जाणकार येईलच.

मिहान_पाळी | मंगळवार, पहाटे 2:15

रात्रपाळीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शोधाशोध. इंटरनेट आर्काइव्ह ही 1996 पासून चालणारी ना-नफा संस्था आहे. त्यांच्या वेबॅक मशीनमध्ये जुनी लिंक जशीच्या तशी टाका, एखाद्या तारखेला त्यांनी ते पान टिपलेलं असू शकतं. पानं बऱ्याचदा मिळतात, आवाजाच्या फाइली क्वचित. तरी बघाच. दुसरं म्हणजे ज्यांना ज्यांना लिंक पाठवली होती त्यांना फोन करा. कोणी ना कोणी उतरवून घेतलेलं असतं. आणि घरात, मावशीकडे, मामाकडे पडलेले जुने फोन, मेमरी कार्डं, सीडी, काहीही फेकू देऊ नका.

आता हे का होतं, ते. ठेवलेली फाइल दर महिन्याला खर्च मागते, कारण सर्व्हर, वीज, बँडविड्थ चालूच असतं. फुकट ठेवणाऱ्याकडून उत्पन्न येत नाही. गुंतवणूकदारांचा पैसा आहे तोवर गाडी चालते. तो आटला किंवा मोठ्या कंपनीनं टीम विकत घेतली, की सेवा बंद. अटींमध्ये "आम्ही कधीही बंद करू शकतो" हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असतं.

सेवा मोठी आहे म्हणून टिकते असं नाही. लाखो लोकांची घरची पानं असलेलं जिओसिटीज याहूनं ऑक्टोबर 2009 मध्ये बंद केलं. आपल्याकडे ज्याच्यावर अख्खी पिढी होती ते ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला गेलं. याहू ग्रुप्स 15 डिसेंबर 2020 ला, आणि स्काइप अखेर 5 मे 2025 ला. भारतीय असणंही कामाला येत नाही: हाइक हे मेसेजिंग ॲप जानेवारी 2021 मध्ये थांबलं, ट्विटरसारखं कू जुलै 2024 मध्ये. पैसे मोजले तरी खात्री नाही. मायक्रोसॉफ्टनं जुलै 2019 मध्ये ई-पुस्तकांचं दुकान आवरलं, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं वाचायची बंद झाली. पैसे परत दिले, पुस्तकं नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती मायस्पेस या सोशल साइटच्या प्रकाराची. ती साइट बंद झालीच नाही. तरी 2016 च्या आधी लोकांनी चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना नष्ट झाल्याचं 2019 मध्ये समोर आलं. पाटी लागलेली, दुकान उघडं, आणि आतला माल गेलेला. आगाऊ सूचना वगैरे काही नाही.

आणि कधी कधी कंपनीच्याही हातात नसतं. 29 जून 2020 ला केंद्र सरकारनं 59 चिनी ॲपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतंच, पण कॅमस्कॅनरही होतं, ज्यात लोकांनी मार्कशीट, सातबारा, विम्याचे कागद स्कॅन करून ठेवले होते. बंदी योग्य की अयोग्य, तो वाद इथे नको. ज्याचा एकुलता एक स्कॅन त्यात होता त्याला एका रात्रीत दुसरी सोय बघावी लागली.

पाऊलवाट | मंगळवार, सकाळी 7:50

मिहान_पाळी, तुमचे आभार कसे मानू. पान मिळालं! 2016 साली टिपलेलं आहे. आईचा फोटो नाही, गाणी वाजत नाहीत, पण यादी आहे. आईनं स्वतः सांगितलेली नावं भावानं तशीच लिहिली होती: "सासुरवाशिणीचं", "माहेरचं, लांब", "खिरापतीचं, मोठं". प्रत्येकापुढे वेळ आहे. 2 मिनिटं 14 सेकंद. 3 मिनिटं 40. एकतीसच्या एकतीस.

चहा गार झाला तरी मी ती यादीच वाचत बसले होते.

इतवारी_मस्कासाथ | मंगळवार, दुपारी 3:20

ताई, तुमच्या दुःखाशी माझ्या गोष्टीची तुलना नाही, पण धंद्यातही हेच झालं म्हणून लिहितो.

आमचं किराणा ठोकचं दुकान, वडिलांपासूनचं. हिशेब कॉम्प्युटरवर होता, तो मुलाच्या आग्रहानं मोबाइलच्या एका उधारी-ॲपवर नेला. तीन वर्षं उत्तम चाललं. गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज जायचा, वसुली सुधारली, हे मान्यच. मग एक दिवस ॲपमध्येच सूचना आली: 30 दिवसांत सेवा बंद, आपला डेटा उतरवून घ्या. उतरवला. तर आलं काय? एक पीडीएफ, प्रत्येकाच्या नावापुढे शेवटची बाकी. कोणत्या तारखेला काय माल नेला, किती जमा केले, यातलं एक अक्षर नाही. साडेतीनशे खाती.

तुमसरच्या एका व्यापाऱ्याकडे 48 हजार बाकी दिसत होती. तो म्हणाला, शेठ, मधे मी 20 दिले होते, दिवाळीच्या आधी. खरं असेल, माणूस जुना आहे. पण माझ्याकडे दाखवायला काही नाही आणि त्याच्याकडेही. शेवटी दोघांनी बसून, आठवून आकडा ठरवला. असे पंधरा-वीस जण. बहुतेक लोक प्रामाणिक निघाले, तो त्यांचा मोठेपणा.

व्यापाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. जीएसटी कायद्यात हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने जपायची आहेत. म्हणजे सहा वर्षं. ॲप बंद पडलं हे कारण तिथे चालत नाही. आता दर शनिवारी दुकान वाढवताना एक्सेलमध्ये पूर्ण नोंदी उतरवून घेतो, आणि उधारीची बाकी लाल वहीत हातानं लिहितो. दर दिवाळीला वहीपूजनाला लाल वही आणायचो, हळदकुंकू वाहून कोरीच ठेवून द्यायचो. या वर्षीची भरत आली.

अंबाझरी_उतार | मंगळवार, रात्री 9:10

मी दुसरी बाजू मांडतो, कारण इथे सूर "सगळं घरी ठेवा" असा लागतो आहे.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. चार तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदी घरात. आमचं तळमजल्याचं घर. वरच्या मजल्यावर आई-बाबांना नेण्यात वेळ गेला, वस्तूंकडे बघायला फुरसत नव्हती. टीव्हीखालच्या खणात हार्ड डिस्क होती: पंचवीस वर्षांचे फोटो, बाबांच्या नोकरीतले, आमच्या लग्नातले. शेजारी त्याच फोटोंच्या सीडी. त्याच खणात निगेटिव्हचे पाकीट. तीन प्रती होत्या हो माझ्याकडे! तिन्ही एकाच खणात, जमिनीपासून दीड फुटावर.

पाणी उतरल्यावर मी आणखी चूक केली. डिस्क पुसली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि लॅपटॉपला लावली. तसं कधीही करू नका. आत शिरलेला गाळ फिरत्या तबकडीला घासतो आणि जे वाचलं असतं तेही जातं. सीताबर्डीच्या दुकानदारानं ती हातात घेऊन हलवली तेव्हा आतून कर्रकर्र आवाज आला. भिजलेली डिस्क चालू न करता तशीच जाणकाराकडे न्यायची असते.

आज आमच्याकडे जे फोटो आहेत, ते फोनमधून आपोआप ऑनलाइन गेलेले आणि अमरावतीच्या बहिणीला पेन ड्राइव्हवर दिलेले. बस. त्यामुळे ऑनलाइन सेवेला मी दोष देणार नाही. माझ्यापुरतं तिनंच वाचवलं.

मिहान_पाळी | बुधवार, पहाटे 1:30

अंबाझरी_उतार, तुमचा मुद्दा पूर्ण पटला आणि तो माझ्या पोस्टमध्ये असायला हवा होता. प्रत कुठे आहे यापेक्षा ती एकटी आहे का, हे बघायचं. आमच्या क्षेत्रात साधा हिशेब सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे दुसरी खोली नव्हे. तुमच्या बहिणीचं अमरावती ही खरी दुसरी जागा.

नागपूरकरांसाठी एक पुस्ती. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डं वर्षानुवर्षं न वापरता ठेवली तर त्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेनं ते लवकर होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. स्लॅबखालच्या माळ्यावर डबा ठेवू नका. वर्षातून एकदा, पोळा किंवा दसरा धरून, प्रत्येक डिस्क लावून दोन-चार फाइली उघडून बघा.

इतवारीच्या काकांची गोष्ट प्रत्येक दुकानात वाचून दाखवावी अशी आहे. "डेटा उतरवा" हे बटण आहे एवढ्यावर समाधान मानू नका. सेवा घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते दाबून बघा आणि काय हातात येतं ते उघडा. पूर्ण नोंदी येतात का? त्या दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये जातात का? गूगलची टेकआउट सोय 2011 पासून आहे, त्यातून फोटो, मेल, संपर्क सगळं उतरतं. माझ्या ओळखीतल्या शंभरातल्या पाच जणांनीही ती वापरलेली नाही.

आणि ताई, आईंच्या मेलबद्दल. गूगलच्या नियमानं सलग दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं ते काढून टाकू शकतात, डिसेंबर 2023 पासून तशी सुरुवातही झाली. मोबाइल नंबरही 90 दिवस वापरला नाही की बंद होऊन पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. मग ओटीपी त्याच्याकडे. त्यामुळे ज्येष्ठांचं सिम घाईनं बंद करू नका. आधी त्यावर काय काय जोडलेलं आहे ते मोकळं करा. खातं ठरावीक काळ निष्क्रिय राहिलं तर कोणाला कळवायचं, हे गूगलच्या सेटिंगमध्ये आधीच नेमता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

अक्षरजुळणी | बुधवार, सकाळी 11:00

महालात तीस वर्षं डीटीपी केलं. स्मरणिका, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, शोधप्रबंध. सगळ्या फाइली माझ्याकडे आहेत. एकही हरवलेली नाही, आणि तरी निम्म्या उघडत नाहीत.

कारण सांगतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. फॉन्ट काढला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. शिवाय फॉन्टचा संच चालायला मशिनच्या मागे डोंगल, म्हणजे किल्लीसारखं काम करणारं छोटं यंत्र, लावावं लागे. ते डोंगल ज्या पोर्टला लागायचं तो पोर्टच आता कॉम्प्युटरला नसतो. आम्ही पानं ज्यात लावायचो त्या पेजमेकर सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती 2001 ची.

गेल्या वर्षी एका संस्थेला पंचवीस वर्षांपूर्वीची स्मरणिका पुन्हा छापायची होती. फाइल मी काढून दिली, उघडली, आणि पडद्यावर तो गिचमिड मजकूर. शेवटी छापील प्रत समोर ठेवून मुलीनं सगळं पुन्हा टाइप केलं. 112 पानं. म्हणून सांगतो, जपून ठेवलेली वस्तू वाचता आली पाहिजे. मजकूर युनिकोडमध्ये, फोटो जेपीजीमध्ये, आवाज एमपीथ्री किंवा वेव्हमध्ये. कोणत्याही एका कंपनीच्या कुलपात नको.

ग्रंथालयातली_खुर्ची | बुधवार, सायंकाळी 6:25

अक्षरजुळणी, तुमचं वाचून रिद्धपूर आठवलं. ग्रंथालयात आयुष्य गेलं, म्हणून थोडं विषयांतर सहन करा.

म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपूरला लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, सिद्ध केलं. कोणत्या आठवणी कोणाकडून मिळतील ते शोधत फिरून, विचारून. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली. महानुभाव पंथातल्या लोकांनी आपापल्या स्मरणातून ते पुन्हा उभं केलं. आज वेगवेगळ्या पोथ्यांत पाठभेद दिसतात, ते त्यामुळे. एकाला एक प्रसंग असा आठवला, दुसऱ्याला तसा. आपल्या नागपूरच्या वि. भि. कोलत्यांनी त्या पोथ्या ताडून 1978 मध्ये संपादित प्रत दिली. मूळ पोथी नाही, पण ग्रंथ आहे.

आणि त्याच पंथानं पोथ्या सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत लिहिल्या. रक्षण झालं हे खरं, पण किल्ली पंथाबाहेर नसल्यानं विसाव्या शतकापर्यंत बाकीच्या मराठी माणसाला त्या वाचता आल्या नाहीत. डोंगलचीच गोष्ट.

पाऊलवाट, तुमच्याकडे यादी आहे आणि तुमच्या मावश्या आहेत. मी तुमच्या जागी असतो तर फाइल शोधण्याइतकाच वेळ मावश्यांसोबत घालवला असता.

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, रात्री 10:15

सगळं पटतं, पण भाऊ, हे करणार कोण? बायकोच्या फोनमध्ये तेरा हजार फोटो आहेत. त्यात चार हजार सुप्रभात. दिवसभर दुकानात उभं राहून रात्री कोण निवडत बसते? आमच्याकडे सगळं तसंच पडून राहिलं आहे.

ग्रंथालयातली_खुर्ची | बुधवार, रात्री 10:50

तेरा हजार नकोच. ग्रंथालयही सगळं ठेवत नाही. जे पुन्हा कुठेच मिळणार नाही तेवढं निवडा. घरातल्या प्रत्येक ज्येष्ठाचा आवाज, पाच मिनिटांचा का होईना. लग्नातले वीस फोटो, पाचशे नव्हे. घराचे, शेताचे, शिक्षणाचे कागद. रविवारच्या एका दुपारी, पत्नीसोबत बसून, शंभर फोटो. प्रत्येकात कोण आहे ते लिहा, कारण वीस वर्षांनी फोटो असतो आणि नाव सांगणारं कोणी नसतं. त्यातल्या दहांचे चांगल्या कागदावर प्रिंट काढा. फक्त वाळवीपासून जपा, ती आमच्या व्यवसायातली जुनी शत्रू.

अंबाझरी_उतार | गुरुवार, सकाळी 8:05

आणि प्रिंट वरच्या मजल्यावर ठेवा.

पाऊलवाट | रविवार, दुपारी 4:30

काटोलला जाऊन आले. सगळ्यांना सांगायचंच होतं.

मावशीकडे शिवणयंत्राच्या खणात एक जुना बटणांचा फोन निघाला. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं. मी तो चालू करायचा प्रयत्न केला नाही, अंबाझरी_उतार यांचं वाचलं होतं. फक्त आतलं कार्ड काढलं, नखाएवढं, दोन जीबीचं, कडेला शिवणाच्या तेलाचा डाग. कार्ड-रीडरला लावलं तर पहिल्यांदा काहीच दिसेना. दुसऱ्या रीडरवर उघडलं. भावानं तेव्हा मावशीला ब्लूटूथनं पाठवलेली चार गाणी त्यात होती. फाइली एएमआर प्रकारच्या, माझ्या फोनवर वाजल्या नाहीत, भाच्यानं लॅपटॉपवर एमपीथ्री करून दिल्या. मूळ फाइलीही तशाच ठेवल्या आहेत.

एकतिसातली चार. पण त्यात "खिरापतीचं, मोठं" आहे. सुरुवातीला आई खोकते, मग म्हणते, "थांब रे, चालू केलं का?" आणि मग डबा. शेंगदाण्याचे लाडू होते. मी ऐकताक्षणी ओळखलं.

प्रती झाल्या: माझ्याकडे एक, भावाकडे पुण्याला एक, मावशीच्या नव्या फोनमध्ये एक, आणि इंटरनेट आर्काइव्हवरही चढवते आहे. ते तरी कायमचं कोणी सांगितलं, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये हल्ला झाला तेव्हा तेही काही दिवस बंद होतं. पण आता ती एकटी प्रत नाही.

यादी मावशीला वाचून दाखवली. बावीस गाणी तिला पूर्ण येतात. कोजागिरीला दोघी मावश्या आणि मामी माझ्याकडे येणार आहेत, मुलीही असतील, सगळं रेकॉर्ड करणार. राहिली पाच. त्यातलं सतरावं, "माहेरचं, लांब", मावशीला पहिल्या तीन कडव्यांपर्यंतच येतं. मुलगी सासरहून निघते, वाटेत नदी लागते, पुढे काय होतं ते आठवत नाही. आईची वेळ 4 मिनिटं 5 सेकंद आहे, म्हणजे बरंच पुढे जातं. कोणाच्या घरी म्हणतात का?

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, सायंकाळी 5:10

ताई, सासूबाई हिंगणघाटच्या आहेत. आत्ता विचारलं. नदीनंतर नावाडी येतो म्हणतात, आणि पूर्ण म्हणून दाखवतो म्हणून बसल्याच आहेत. फोन धरू का समोर?

पाऊलवाट | सायंकाळी 5:12

धरा, आत्ताच धरा. पंखा बंद करा. आणि जवळ एखादा डबा असेल तर त्यांच्या हातात द्या.